पोस्ट निघेपर्यंतची वर्षेही आयुष्याचीच

मा. संपादक,

स. न. वि. वि.

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेची जाहिरात कधी येणार, पूर्वपरीक्षा कोणत्या तारखेला होणार, पदसंख्या किती, निकाल का लांबला, यासंबंधीच्या बातम्या आपल्या दैनिकात नियमित येतात आणि आमच्या अभ्यासिकेतली मुले त्यांची कात्रणे काढून सूचनाफलकावर लावतात. ही परीक्षा देणारी मुले जाहिरातीपासून निकालापर्यंतचे दिवस कसे काढतात, त्या दिवसांत त्यांच्या मनाचे काय होते, याविषयी मात्र फारसे लिहिले जात नाही. त्याविषयी काही मांडावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी ग्रंथपाल म्हणून निवृत्त झाले असून नवी पेठेतील एका अभ्यासिकेची व्यवस्था पाहते. शास्त्री रस्त्याच्या दोन्ही अंगांना, सदाशिव पेठेत, नारायण पेठेत अशा अभ्यासिका गल्लोगल्ली आहेत. बीड, परभणी, नांदेड, धाराशिव, जत, चाळीसगाव अशा ठिकाणांहून मुले-मुली येथे येतात, कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एकेक खाट भाड्याने घेऊन, राहतात, मेसमध्ये किंवा डब्यावर जेवतात आणि पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत या खुर्च्यांवर बसतात. पदवी घेऊन आलेला मुलगा साधारण बाविशीत असतो. खुल्या प्रवर्गासाठी वयोमर्यादा ३८ आणि मागास प्रवर्गांसाठी ४३ वर्षे आहे, म्हणजे नियमानुसार माणसाला पंधरा-वीस वर्षे परीक्षार्थी राहता येते. बहुतेक जण इतके थांबत नाहीत हे खरे. पण पाच, सहा, आठ वर्षे थांबणारे पुष्कळ आहेत, आणि ही वर्षे तारुण्याच्या अगदी मधली असतात.

या मुलांच्या बोलण्यात एक वाक्य सतत येते: पोस्ट निघाली की, म्हणजे निवड होऊन पद मिळाले की. पोस्ट निघाली की गावी जाईन, पोस्ट निघाली की आईचे डोळे दाखवून आणीन, पोस्ट निघाली की मित्रांना भेटेन, पुन्हा तबला शिकायला बसेन, दात दुखतो आहे तो काढून घेईन. दाताचे मी मुद्दाम लिहिले आहे, कारण दुखरा दात घेऊन मुख्य परीक्षेची वाट पाहणारा मुलगा मी पाहिला आहे. खर्चाची अडचण असते हे मान्य. परंतु दोन गल्ल्या पलीकडे डॉक्टर असताना आणि पैशाची सोय होत असतानाही तो गेला नाही, कारण स्वतःच्या शरीराकडे पाहण्याची वेळ अद्याप आलेली नाही, असे त्याला मनापासून वाटत होते. बहिणीच्या लग्नाला एका दिवसासाठी जाऊन आलेली, आजोबांच्या आजारपणात न गेलेली मुले येथे आहेत. अभ्यासासाठी काही सोडावे लागते, याबद्दल माझी तक्रार नाही. आपण जगत आहोत हेच पुढे ढकलण्याची सवय लागते, तिची मला काळजी वाटते.

या सवयीने निदान अभ्यास तरी चांगला होतो का, हे पाहावे. माझ्या अनुभवाने तो होत नाही. समोर राज्यघटनेचे प्रकरण उघडे असते आणि मन कटऑफचा, म्हणजे निवडीसाठी लागणाऱ्या किमान गुणांचा, हिशेब करीत असते. कलम वाचताना मुलगा गावच्या वेशीवरच्या आपल्या सत्काराचे, गुलालाचे, वडिलांच्या चेहऱ्याचे चित्र रंगवतो. दुसऱ्या क्षणी अपयशाचे चित्र येते आणि चुलत्यांचे शब्द ऐकू येतात. दोन्ही प्रसंग घडलेले नसतात, पण त्यांचा शीण मात्र खरा असतो. चार तास बसून उठलेल्या मुलाला विचारले, तर पाने उलटली, डोक्यात काही राहिले नाही, असे तो सांगतो. हा आळस नव्हे. उद्याच्या दोन काल्पनिक दिवसांत चार तास राबून आलेला तो दमलेला माणूस असतो.

पूर्वपरीक्षा झाल्यानंतरचे दिवस तर पाहवत नाहीत. परीक्षेच्या संध्याकाळपासून निरनिराळ्या क्लासच्या उत्तरतालिका फिरू लागतात. एकाच प्रश्नाची दोन तालिकांमध्ये दोन उत्तरे असतात, म्हणून मुले पुन्हापुन्हा गुण मोजतात. मग आयोगाची पहिली उत्तरतालिका येते, हरकती जातात, अंतिम तालिका येते, काही प्रश्न रद्द होतात आणि गुणांचा सगळा हिशेब नव्याने मांडावा लागतो. टेलिग्रामवर, यूट्यूबवर अपेक्षित कटऑफ सांगणाऱ्यांची रांग लागते. रात्री दीड वाजता पायरीवर बसून मोबाइलवर हे अंदाज ऐकणारी मुले मी कितीदा तरी पाहिली आहेत. मुख्य परीक्षेचा अभ्यास करण्याचे हेच दिवस. पण पूर्व निघाली नाही तर मुख्यचा अभ्यास वाया जाईल या भीतीने तो सुरू होत नाही, आणि पूर्व निघाल्याचे कळते तेव्हा हातात दिवस थोडे उरलेले असतात. ज्ञान वाया कसे जाईल, असे मी विचारते तेव्हा मुले माझ्याकडे बघत राहतात. निवड होण्याखेरीज वाचनाचा दुसरा काही उपयोग असू शकतो, हा विचार त्यांच्यापर्यंत कोणी पोहोचवलेलाच नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मुलांना नुसते 'वर्तमानात जगा' असे सांगून मोकळे होणे अन्यायाचे आहे, कारण सतत पुढे डोळे लावून बसण्याची सवय त्यांना बऱ्याच अंशी बाहेरून लागलेली आहे. ५ एप्रिल २०२० रोजी होणारी राज्यसेवा पूर्वपरीक्षा करोनामुळे आणि पुढे इतर कारणांनी पुनःपुन्हा लांबत गेली. १४ मार्च २०२१ ही तारीख परीक्षा तीन दिवसांवर आली असताना पुढे ढकलली गेली, तेव्हा याच शास्त्री रस्त्यावर मुले उतरली, आणि अखेर २१ मार्च २०२१ रोजी ती परीक्षा झाली. २०२४ ची पूर्वपरीक्षा आधी २८ एप्रिलला होती. ती लांबत २५ ऑगस्टवर आली. त्याच दिवशी बँकांची आयबीपीएसची परीक्षा असल्याने आणि कृषी सेवेची पदे या परीक्षेत घेण्याच्या मागणीवरून पुण्यात आंदोलन झाले, आणि शेवटी १ डिसेंबर २०२४ रोजी ती पार पडली. २०२५ मध्ये २८ सप्टेंबरची परीक्षा राज्यातील अतिवृष्टी व पूरस्थितीमुळे ९ नोव्हेंबरला गेली. यांतील काही कारणे कोणाच्याच हातची नव्हती. पुरात अडकलेल्या मराठवाड्यातील उमेदवारांसाठी तर परीक्षा पुढे ढकलणे आवश्यकच होते. तरीही तारीख हलली की तिच्यावर टांगलेले प्रत्येक आयुष्य हलते, हे निर्णय घेणाऱ्यांनी लक्षात ठेवले पाहिजे. आयोगाने वर्षाचे वेळापत्रक जाहीर करावे, आणि तो ते करतोही. परंतु ते पाळले जाईल असा विश्वास निर्माण करणे हे शासन आणि आयोग या दोघांचे कर्तव्य आहे.

बरे, पोस्ट निघाल्यावर तरी ही वाट पाहणे संपते का? राज्यसेवा परीक्षा २०१९ मधून निवड झालेल्या ४१३ उमेदवारांचा अंतिम निकाल जून २०२० मध्ये लागला आणि त्यानंतर नियुक्तीच्या प्रतीक्षेत त्यांचे एक वर्षाहून अधिक गेले. निवडयादीत नाव असलेली माणसे घरी बसून होती, शेतात काम करीत होती आणि लोक विचारीत होते, की साहेब, हजर कधी होणार? नियुक्तीनंतर प्रशिक्षण असते, परिविक्षा असते, पदस्थापनेची चिंता असते, पुढे बदली आणि बढती असते. आमच्या अभ्यासिकेतून अधिकारी झालेले काही जण भेटायला येतात. त्यांपैकी जे येथे असताना आजचा दिवस धड जगायला शिकले होते ते तिकडेही स्वस्थ आहेत, आणि जे येथे केवळ वाट पाहत होते ते आज हव्या त्या ठिकाणच्या बदलीची वाट पाहत आहेत. पद मिळाल्याने ही सवय जात नाही.

आमच्या अभ्यासिकेत दर्शनी भिंतीवर एक पांढरा फलक होता. त्यावर परीक्षेला किती दिवस उरले तो आकडा रोज सकाळी कोणीतरी लिहीत असे. मुलांना त्यातून जोर येतो असे आम्हाला वाटत असे. परीक्षा पुढे गेली की लहान झालेला आकडा पुसून मोठा आकडा लिहावा लागे, आणि तो लिहायला कोणी धजत नसे. काही मुलांशी बोलून आम्ही तो आकडा लिहिणे बंद केले. आता त्या फलकावर, ज्याला वाटेल तो, आज आपण काय समजून घेतले ते एका ओळीत लिहितो. कोणी कृष्णा खोऱ्याच्या उपनद्या लिहितो, कोणी महसुली न्यायालयाची रचना, कोणी एखादे गणित. सगळेच लिहितात असे नाही, आणि यामुळे निकाल सुधारले असा दावाही मी करणार नाही. रात्री जाताना त्या फलकासमोर उभे राहून मुले एकमेकांना विषयाविषयी प्रश्न विचारू लागली आहेत, एवढे मी पाहते. पूर्वी तेथे उभी राहणारी मुले दिवस मोजून निघून जात.

पुढचा विचारच करू नये, असे मी म्हणते आहे, असा कोणी अर्थ काढू नये. इतका मोठा अभ्यासक्रम नियोजनाशिवाय होणार नाही, आणि घरच्या परिस्थितीचा, पैशाचा, वयाचा विचार न करणारा मुलगा शहाणा म्हणता येणार नाही. परंतु नियोजन एका बैठकीत संपते. कोणता विषय कोणत्या महिन्यात, किती प्रयत्न द्यायचे, नाही झाले तर काय करायचे, हे कागदावर लिहावे, घरच्यांना दाखवावे आणि कागद मिटवून ठेवावा. धास्ती मात्र संपत नाही, कारण तिच्यातून कधीच काही ठरत नाही. पर्यायी वाटेचा निर्णय ज्या मुलांनी वेळीच केलेला असतो, त्यांचे मन अभ्यासात अधिक लागते हे मी वारंवार पाहिले आहे. उद्याची व्यवस्था झालेली असल्यामुळे त्यांना आजचा दिवस मोकळा मिळतो.

जत तालुक्यातील एक मुलगा आमच्याकडे होता. घरी थोडी द्राक्षबाग होती, आणि ऑक्टोबरमधील फळछाटणीला तो दरवर्षी न चुकता गावी जाई. परीक्षा जवळ आलेली असे, सोबतचे विद्यार्थी त्याला वेड्यात काढीत. मी त्याला एकदा कारण विचारले. तो म्हणाला, "काकू, काडी किती डोळ्यांवर, म्हणजे कोंबांवर, कापायची ते प्रत्येक काडी बघून ठरवावं लागतं. मन दुसरीकडं गेलं तर घडाचा डोळाच कापला जातो. तेवढे दिवस कटऑफ आठवत नाही." बागेत घड येणार का, भाव मिळणार का, अवकाळी पाऊस पडणार का, यांतले काहीच त्याच्या हातात नव्हते आणि ते त्याला पुरते ठाऊक होते, तरी हातातल्या काडीकडे तो पूर्ण लक्ष देत होता. पुण्यात परतल्यावर पहिले काही दिवस त्याचा अभ्यास वेगळाच होत असे. हा मुलगा पुढे अधिकारी झाला, असे वाचकांना वाटेल. तो झालेला नाही. वयाच्या ज्या टप्प्यावर थांबायचे त्याने ठरवले होते, त्या टप्प्यावर तो थांबला, आणि आज बाग पाहून तालुक्याच्या गावी मुलांना भूगोल शिकवतो. त्याची पुण्यातील वर्षे वाया गेली असे मला वाटत नाही, आणि त्यालाही वाटत नाही, कारण ती त्याने खरोखर वाचनात, मैत्रीत आणि शिकण्यात घालवली होती.

काही मुले इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रातील विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराला जाऊन येतात. तेथे मोबाइल, पुस्तके, वही-पेन काहीच जवळ ठेवता येत नाही, मौन पाळावे लागते आणि सुरुवातीचे दिवस केवळ नैसर्गिकपणे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष ठेवायचे असते. मन पुढे पळाले की त्याला न रागावता परत आणायचे, इतकाच त्या दिवसांचा अभ्यास. परत आलेली मुले सांगतात, की आपले मन किती वेळ येथे नसते हे प्रथमच कळले. हे कळणे मोलाचे आहे. मात्र त्यांच्यापैकी काहींनी शिबिराचा हिशेबही गुणांमध्ये मांडला, एकाग्रता वाढून किती गुण वाढतील असे विचारले, तेव्हा मला वाईट वाटले. स्वस्थ होण्याची साधनेही आपण निकालाच्या दावणीला बांधू लागलो, तर मुलांना श्वास घ्यायलाही जागा उरणार नाही. ज्याला दहा दिवस जाणे शक्य नाही त्याने रोज सकाळी पर्वती चढून यावे किंवा मुठेच्या काठाने चालावे, आणि चालताना कानात चालू घडामोडींचा व्हिडिओ लावू नये. एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

मुलींविषयी स्वतंत्र लिहिणे भाग आहे. मुलग्याला घरून वर्षे मिळतात, मुलीला बहुधा मुदत मिळते. एक वर्ष देतो, नाही झाले तर स्थळे पाहायला सुरुवात करू, असे सांगून तिला पुण्याला पाठवलेले असते. परीक्षा सात महिने पुढे गेली की तिच्या मुदतीचे काय होणार, हा प्रश्न तिच्या घरी कोणी विचारात घेत नाही. अशा मुलीला वर्तमानात राहा असे मी कोणत्या तोंडाने सांगू? तिच्या आई-वडिलांनाच मी सांगू इच्छिते, की मुदत टांगती ठेवू नका. किती परीक्षा द्यायच्या हे तिच्याशी बसून ठरवा आणि तोपर्यंत लग्नाचा विषय फोनवर काढू नका. या शब्दाच्या आधारावर ती निर्धास्तपणे पुस्तक उघडू शकेल.

फोनविषयी सर्वच पालकांना एक विनंती आहे. रविवारी घरून फोन येतो आणि पहिला प्रश्न असतो, निकाल कधी? किंवा, यंदा तरी होईल ना? काळजीपोटीच विचारले जाते, यात शंका नाही. परंतु ज्याचे उत्तर मुलाच्या हाती नाही असा प्रश्न दर आठवड्याला विचारल्याने त्याला केवळ अपराधी वाटते. जेवलास का, आज काय वाचले, नवीन काय कळले, गावात पाऊस झाला, म्हशीला रेडकू झाले, असे बोलावे. गावाकडचे आयुष्य आपल्यासाठी थांबलेले नाही आणि आपणही त्यात आहोत, हे मुलाला कळू द्यावे. दिवाळीला, पोळ्याला, घरच्या कार्याला त्याला बोलवावे. दोन दिवसांनी कोणाची पोस्ट जात नाही.

राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०१२ पासून बहुतांशी बहुपर्यायी होती, ती आता २०२५ च्या परीक्षेपासून वर्णनात्मक झाली आहे. या बदलाविषयी मुलांमध्ये मोठी भीती आहे आणि त्यावर वादही झाले आहेत. मला त्यात एक चांगली शक्यता दिसते. बहुपर्यायी प्रश्नांचा सराव करणारा मुलगा गुणांच्या आकड्याकडे पाहत असतो. पण पाणलोट विकासावर दोन पाने हाताने लिहायची झाली, तर तेवढा वेळ त्या विषयातच राहावे लागते, आणि लिहून झालेले उत्तर हे त्या दिवसाचे पूर्ण झालेले काम असते. निवड होवो वा न होवो, स्वच्छ विचार करून शुद्ध मराठीत मांडणारा माणूस त्यातून घडू शकतो. क्लासचालकांनी कृपा करून तयार उत्तरांचे साचे पाठ करायला लावून ही शक्यता नष्ट करू नये.

शेवटी आपल्या दैनिकाकडे एक मागणे आहे. निकाल लागला की आपण यशस्वी उमेदवारांच्या कहाण्या छापता, आणि त्या छापल्याच पाहिजेत. शेतमजुराची मुलगी उपजिल्हाधिकारी होते ही आनंदाची बातमी आहे. परंतु त्या कहाण्यांमध्ये मधली सारी वर्षे केवळ सोसलेल्या हालांच्या रूपाने येतात, जणू त्यांचे मोल शेवटच्या निकालाने ठरायचे होते. या मुलांना त्या वर्षांत कोणता विषय आवडला, कोणत्या ग्रंथाने विचार बदलला, कोणाशी जन्माची मैत्री झाली, हेही त्यांना विचारावे. ज्यांची निवड झाली नाही आणि जे आज शिक्षक, शेतकरी, वकील, दुकानदार म्हणून चांगले जगत आहेत, त्यांच्याही मुलाखती त्याच पानावर छापाव्यात. आमच्या फलकावर त्या कात्रणांना जागा ठेवली जाईल, आणि अशा माजी विद्यार्थ्यांची त्यांच्या संमतीने ओळख करून देण्यास मी आनंदाने मदत करीन.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक वाचक,
नवी पेठ, पुणे